चार नंबरची लाइन

काम तसं साधंच होतं. टीव्ही चॅनलच्या ऑफिसात जायचं, कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलायची आणि परत यायचं. त्यासाठी धाकट्यानं गॅरेजमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, हाताचं ग्रीस घासून घासून काढलं, तरी नखांच्या कडांना काळं राहिलंच. आईनं इस्त्री केलेला शर्ट खुर्चीवर टाकून ठेवला होता.

"तिथं डोक्यात राख घालून घेऊ नकोस," ती म्हणाली. "नीट बोल."

"दोनच वाक्यं आहेत गं."

"तुझ्या दुसऱ्या वाक्यात शिवी असते."

एरवी तो हसला असता. त्यानं शर्ट चढवला, आणि तो दाराशी पोचला तशी आई मागून आली.

"आणि... विचारशील ना?"

काय विचारायचं, ते सांगावं लागत नव्हतं. ताई गेल्यापासून आई तेवढंच विचारत होती. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, रात्री पाठ टेकता टेकता. शेवटी ती काय म्हणाली?

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. गावातल्या चॅनलची बातमीदार. त्याला 'धाकटा' हे नाव तिनंच पाडलं होतं. गॅरेजच्या मालकापासून चॅनलच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी ते उचललं. आता थोरली राहिली नव्हती, तरी हा आपला धाकटाच. आठवीत शाळा सोडली तेव्हा घरातलं एकही माणूस त्याच्याशी बोलत नव्हतं. ताईच म्हणाली होती, "सोडली तर सोडली. पण मी बातम्या देताना समोर बसून ऐकायचं. तेवढीच तुझी शाळा."

तो ऐकायचा. त्या दिवशीही गॅरेजच्या टीव्हीवर ऐकत होता. गावाबाहेरच्या शीतगृहाला आग लागली होती आणि ताई शीतगृहासमोर उभी राहून थेट बातमी देत होती. "आगीवर अजून नियंत्रण मिळालेलं नाही. आम्ही इथेच आहोत," असं ती म्हणाली आणि साबणाची जाहिरात लागली. जाहिराती संपल्या तेव्हा पडद्यावर ताई नव्हती. तिच्या मागची भिंत तिच्यावर कोसळली होती.

घरी आईसुद्धा तेच बघत होती. साबणाची जाहिरात चालू असताना तिची पोर गेली, आणि ती माउली जाहिरात संपायची वाट बघत बसली होती. त्या दिवसापासून टीव्हीवर जुनी चादर टाकलेली होती, ती कुणी काढली नव्हती.

पण त्या मधल्या वेळात ताई काय म्हणाली? किंचाळली का? आईला हाक मारली का? चॅनलवाले म्हणायचे, "काही नाही हो. लाइन तुटली होती."

आणि आता त्याच बातमीची पुरस्कारासाठी निवड झाली होती. दरवर्षी सगळी चॅनलं मोठ्या सभागृहात जमतात, चकचकीत कपडे घालतात आणि एकमेकांना काचेची सन्मानचिन्हं देतात. त्यात 'सर्वोत्कृष्ट थेट वार्तांकन' या गटात ताई होती. चित्रफितीच्या शेवटी घरच्यांचे दोन शब्द हवे होते. म्हणून धाकट्याला बोलावणं.

स्टुडिओ तळघरात होता. दार शीतगृहाच्या दारासारखं जाड. ते मागे लागलं तेव्हा धप्प असा आवाज झाला आणि मग काहीच नाही. रस्ता नाही, पंखा नाही, माणसं नाहीत. भिंतींना काळा फोम चिकटवलेला होता, तो आवाज गिळून टाकायचा. बाहेर लख्ख दुपार होती, पण इथे ऊन कधी आलंच नसावं. तापलेल्या दिव्यांवर जळणारी धूळ, पावडर आणि ओलसर गालिचा, असा एक वास कोंडून राहिला होता. ताई घरी यायची तेव्हा तिच्या ओढणीला हाच वास असायचा.

"ये बाळा, बस," चॅनलचे संपादक म्हणाले. त्यांना सगळे साहेब म्हणत. "आपल्या क्षेत्रात या पुरस्काराला फार मान आहे. आणि मिळणार आपल्यालाच. निवड समितीत आपली माणसं... म्हणजे जाणती माणसं आहेत. तू एवढंच म्हण, ताईला आज अभिमान वाटला असता."

दिवा डोळ्यांवर आला. धाकट्याला समोर नुसता काळोख दिसत होता आणि काळोखात एक लाल ठिपका.

"ताईला..." तो म्हणाला आणि थांबला. मग त्याचा ताबा सुटला. "ताईला कसला आलाय अभिमान! तिला घरी यायचं होतं! जेवण व्हायचं होतं तिचं!"

मग साहेबांचा आवाज आला.

"हे छान आहे. हेच पुन्हा म्हण. जरा सावकाश."

धाकट्यानं गळ्याजवळचा माइक ओढून काढला आणि गालिच्यावर आपटला. "आधी सांगा, शेवटी ती काय म्हणाली? आई विचारते."

"अरे, लाइन तुटली होती..." साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना मिटिंग होती. त्यांना कायम मिटिंग असायची.

तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून बाईचा आवाज आला. "त्याला वर पाठवा, साहेब. मी बघते."

वरची कंट्रोल रूम पॅनलवालीची. कुठलं चित्र हवेत जायचं, कुणाला बोलायला लावायचं, कुणाला थांबवायचं, हे सगळं तिच्या हातात. पन्नाशीची बाई, जाड भिंगांचा चष्मा. ताईला हिनंच शिकवलं होतं. दुपारचं बातमीपत्र संपलं होतं आणि बाकीचे चहाला गेले होते. खोलीत अंधार, फक्त समोरच्या भिंतीवर पडद्यांची रांग उजळलेली. एका पडद्यावर नगरपालिकेची पायरी दिसत होती, एकावर रिकामा चौक. प्रत्येक पडदा म्हणजे बाहेरून थेट चित्र पाठवणारी एक लाइन, खाली तिचा नंबर. चौथा पडदा काळा.

"त्या लाइनीची बॅग तुझ्या ताईबरोबर जळाली," पॅनलवाली हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे या पडद्यावर काही यायलाच नको. चित्र पाठवणारं यंत्रच राहिलेलं नाही."

"मग?"

"बस. येईल."

धाकट्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. तो उठणार, तेवढ्यात वास आला. जळलेलं थर्माकोल आणि भाजलेले बटाटे. शीतगृहात बटाटेच होते. ताईचा जो एक बूट पोलिसांनी घरी आणून दिला, त्याला हा वास होता. आईनं तो अजून धुतलेला नाही.

चौथा पडदा काळ्याचा करडा झाला. मग त्यात धूर हलायला लागला. धुरातून एक भिंत दिसली, आणि भिंतीपुढे ताई.

हातात माइक. मान ताठ. बातमी सांगून झाल्यावर बातमीदार जसे कॅमेऱ्याकडे बघत राहतात ना, चेहरा न हलवता, डोळे न मिटता, तशी बघत होती. ती बघतच होती. मागे भिंतीच्या रंगाला फोड येत होते, फुटत होते. ताईची पापणी लवत नव्हती.

"हॅलो..." स्पीकरमधून आवाज आला. तिचाच. "आवाज येतोय का? ...निघू का?"

पण पडद्यावर ताईचे ओठ हलले नव्हते.

"...इथे फार गरम होतंय. निघू का?"

पॅनलवालीनं समोरचं बटण दाबलं. "मोकळी," ती म्हणाली. "ऐक माझ्या राणी, तू मोकळी आहेस. निघ तिथून."

पडद्यावरचा चेहरा तसाच. मग पुन्हा, "हॅलो... निघू का?"

"रोज सांगते," पॅनलवाली म्हणाली. चष्म्याखालून पाणी ओघळत होतं, पण आवाज सपाट होता. "तुला ठाऊक आहे ना आमची रीत? बोलणं झालं तरी बातमीदारानं जागा सोडायची नाही. कॅमेरा कधीही परत येऊ शकतो. इथून कानात 'मोकळी' असं ऐकू आलं की मगच हलायचं. ते शिकवलंही मीच."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी दुसऱ्या एकाही चॅनलकडे चित्र नव्हतं. फक्त आपल्याकडे. जाहिरात लागली तसे साहेब इथे आत आले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच. मीही. उठून उभे राहून." ती थांबली. "तिचा कॅमेरावाला बॅटरी आणायला गाडीकडे पळाला होता, म्हणून वाचला. ती मात्र हलली नाही. टाळ्यांत तिचं ऐकायलाच आलं नाही कुणाला. आणि आता माझा आवाज तिला जात नाही."

म्हणजे ताईनं हाक मारली नव्हती. किंचाळली नव्हती. शहाण्या मुलीसारखी परवानगी मागत होती.

"तुझा आवाज जाईल," पॅनलवाली म्हणाली. "घरी तूच 'मोकळी' म्हणायचास ना तिला? ती सांगायची मला."

म्हणायचा. ताई त्याला झापायला लागली की पार शाळेपासून सिगारेटीपर्यंत सगळं काढायची. दम लागून थांबली की धाकटा मान हलवून म्हणायचा, "झालं? मोकळी!" आणि ताईला हसू फुटायचं. मग भांडण तिथंच मिटायचं.

पॅनलवालीनं त्याचं बोट धरून बटणावर ठेवलं. "दाब आणि बोल. लवकर. फार वेळ राहत नाही ती."

धाकट्यानं बटण दाबलं. तोंड उघडलं. एकच शब्द म्हणायचा होता. पण समोर ताई होती. कपाळावर ती बट, जी तिला कधी आवरता आली नाही. तो शब्द म्हटला की ही जाणार. पुन्हा दिसणार नाही, पुन्हा झापणार नाही, कधीच नाही. त्याच्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"ताई... थांब."

लाइनीवर बोललेलं पोचायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ गेला. मग ताईचे डोळे हलले. इतका वेळ कॅमेऱ्यात रुतलेली ती नजर सावकाश वळली, आणि खोलीत, अंधारात, तो बसला होता नेमका तिथे येऊन थांबली.

"धाकट्या?" स्पीकर म्हणाला. "...बरं. थांबते."

पॅनलवालीनं त्याला खांद्याला धरून गदागदा हलवलं. "मेल्या, काय केलंस! काय केलंस हे!"

त्यानं बटणावर बुक्की मारली. "मोकळी! ताई, चुकलं माझं, मोकळी! निघ!" बटणाचा दिवा लागलाच नाही. चौथा पडदा काळा झाला होता. पण वास तसाच राहिला, आणि कुठेतरी, फोमच्या आत कोंडल्यासारखी, आग खदखदत असल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

घरी आल्यावर आईनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"निघू का, म्हणाली," धाकटा ताटाकडे बघत म्हणाला. "एवढंच विचारत होती."

"मग? कुणी सांगितलं नाही तिला?"

"नाही."

आपण काय सांगितलं, ते त्याच्या तोंडून निघेना. आई उठली आणि टीव्हीवरची चादर काढून घडी घालायला लागली.

"म्हणजे अजून तिथेच असेल," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, कुणी दुकानात गेलंय आणि यायला उशीर झालाय, असं.

त्या दिवसानंतर धाकट्याची झोप उडाली. गाडीचा नट आवळायला घ्यायचा आणि तसाच पाना धरून बसायचा. ताई तिथे उभी आहे, मागे भिंत तापते आहे, आणि आपण तिला थांब म्हणून आलो आहोत. मालकानं दोनदा ओरडून बघितलं, मग सोडून दिलं. धाकटा रोज पॅनलवालीला फोन करायचा.

"आली का लाइन?"

"नाही रे. तुझं ऐकलं तिनं. आता विचारतच नाही."

"मग करायचं काय?"

मग ती म्हणाली, "पुरस्काराच्या दिवशी तिची फीत मोठ्या पडद्यावर लागेल. चित्र चालू असेल, तर कदाचित... तेव्हा बोलून बघ. सगळ्यांसमोर बोलायला लागलं तरी बोल."

त्या संध्याकाळी सभागृहात अत्तराचा आणि नव्या कपड्यांचा घमघमाट होता. कालपर्यंत एकमेकांच्या बातम्या पळवणारी माणसं गळ्यात गळे घालत होती. धाकट्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला ताईचा कॅमेरावाला. त्याला लंबू म्हणायचे. बॅटरी आणायला गेला म्हणून वाचला, तो हाच. उडालेल्या विटेनं त्याचा पाय मोडला होता, कुबडी मांडीवर आडवी घेऊन तो बसला होता.

"मी डोळे मिटून घेणार आहे," लंबू कुजबुजला. "ती फीत मी खूपदा पाहिलीय रे. 'आम्ही इथेच आहोत' म्हणते आणि संपते. संपली की मला हात लाव."

"घाबरतोस?"

"तूही मीट डोळे. माझं ऐक."

दिवे मालवले. पडदा एखाद्या इमारतीएवढा. त्यावर धूर आला आणि धुरातून ताई. एवढी मोठी की तिच्या गालावरची राख दिसत होती. ती बोलली. आवाज सगळ्या सभागृहात घुमला. "आगीवर अजून नियंत्रण मिळालेलं नाही. आम्ही इथेच आहोत."

टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या, मागच्याही उठल्या. साहेब सगळ्यात जोरात वाजवत होते. धाकट्यानं लंबूला हात लावला नाही. कारण फीत संपली नव्हती.

ताई तिथेच होती. न हलता, न पापणी लववता. मागे रंगाला फोड येत होते. आजूबाजूची माणसं पडद्याकडे बघत होती, हसत होती, कुणी डोळे पुसत होतं. त्यांना बहुतेक रिकामा पडदा दिसत होता. भिंतीत वरून खाली एक चीर उतरत आली. ताईची नजर रांगांवरून फिरत फिरत, शोधत शोधत त्याच्यावर आली. आणि त्या टाळ्यांच्या खाली, अगदी खाली, त्याला ऐकू आलं,

"...धाकट्या, अजून थांबू?"

तो खुर्चीवर चढला. "मोकळी!" छाती फुटेस्तोवर ओरडला. "ताई, मोकळी! निघ! निघ तिथून!"

"अरे, खाली बस!" साहेबांनी त्याचा शर्ट ओढला. "टीव्हीवर थेट चाललंय, कॅमेरे चालू आहेत!"

"निघ गं ताई!"

जरा वेळ गेला. लाइनीवर लागतो तेवढाच. मग ताईनं माइक खाली घेतला. खांदे सैल सोडले. दिवसभर उभं राहून दमलेलं माणूस सोडतं तसे. आणि ती चालत चालत पडद्याच्या कडेला गेली, आणि कडेबाहेर. पडद्यावर मोकळी जागा राहिली. त्या मोकळ्या जागेवर भिंत कोसळली. आवाज न होता.

दिवे लागले तेव्हा धाकटा खुर्चीवर उभा राहून हुंदके देत होता, आणि सगळं सभागृह त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. कुणीतरी त्याच्या हातात काचेचं सन्मानचिन्ह दिलं. साहेब कानाशी म्हणाले, "फार छान झालं हे. आधी सांगितलं असतंस तर दुसरा कॅमेरा लावला असता." धाकट्याला त्यांचा राग आला नाही. कितीतरी महिन्यांनी त्याला भूक लागली होती.

घराशी पोचला तर दार उघडंच.

"हळू ये," आतून आई म्हणाली. "दार आपटू नकोस."

आईनं केस विंचरले होते. ठेवणीतली साडी नेसली होती. टीव्ही बंद होता आणि तिनं खुर्ची टीव्हीकडे पाठ करून, उलटी फिरवून घेतली होती. धाकट्यानं सन्मानचिन्ह तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते न बघताच बाजूला सारलं.

"बघितलंस, आई?"

"बघितलं ना. ओरडलास तेही ऐकलं. घसा बसला असेल तुझा."

"गेली ती. सुटली आपली ताई."

"गेली?" आई हसली. "वेडाच आहेस. निघ म्हटलं की माणूस कुठे जातं रे? घरी येतं."

ती समोर बघत होती. खिडकी आणि कपाट यांच्या मधे नुसती भिंत होती. कॅलेंडरसुद्धा नाही. धाकट्यानं तिकडे बघितलं. त्याला पांढरा रंग दिसला, दुसरं काही नाही.

"कोण... कोण आहे तिथे?"

"डोळे फुटले का तुझे? उभी आहे बघ. बस म्हटलं तर बसत नाही, नुसती माझ्याकडे बघते." आईनं पदरानं डोळे टिपले. "आल्या आल्या विचारायला लागली, निघू का, निघू का. मी म्हटलं, थांब."

धाकटा तिच्या पायाशी बसला, दोन्ही गुडघे धरले. "आई, ऐक माझं. तिला सांग. एकच शब्द. मोकळी म्हण. तुझं ऐकेल ती."

"सांगेन की."

"आत्ता सांग."

"आत्ताच तर आलीय पोर," आई म्हणाली. "लगेच काय घाई?"

मग त्यानं त्या भिंतीपुढे उभं राहून स्वतःच सांगून बघितलं. रडून, ओरडून, हात जोडून. शेजारचे काका बघायला आले आणि मान हलवत परत गेले. भिंत भिंतच राहिली. पॅनलवाली येऊन गेली, तीही दारातूनच मागे फिरली. "आता माझ्या हातात नाही रे," एवढंच म्हणाली. "जिनं थांबवलं, तिनंच सोडायला हवं."

आई सोडत नाही. "उद्या सांगते" म्हणते. कुणी नाही अशा बाजूला तोंड करून दिवसभर गप्पा मारते, धाकट्याच्या कागाळ्या सांगते, मधेच खळखळून हसते. ताई गेल्यापासून तिचा चेहरा इतका उजळलेला कुणी पाहिला नव्हता. जेवण तिथेच, झोपही तिथेच. हल्ली सकाळी तिचे केस विंचरताना धाकट्याला भांगात गिलाव्याची बारीक रेती लागते. तो ती फुंकून टाकतो.

परवा संध्याकाळी आईचा डोळा लागला होता, तेव्हा त्यानं त्या भिंतीला तळहात लावून बघितला. भिंतीपलीकडे मोकळं मैदान आहे. चूल नाही, भट्टी नाही, त्या बाजूला ऊनसुद्धा येत नाही. आणि भिंत गरम होती. लांबून आलेल्या गाडीच्या इंजिनावर हात ठेवावा, तशी. आत काहीतरी खदखदत होतं.

"आई," त्यानं तिला हलवलं, "चल. आजची रात्र मावशीकडे जाऊ. माझ्यासाठी चल."

"आणि हिला एकटीला टाकून?"

आज सकाळी तो उठला तर आईनं आपली खुर्ची ओढत ओढत भिंतीला अगदी टेकवून घेतली होती. पाठ भिंतीला लावून, डोळे मिटून ती बसली होती, उन्हात बसावं तशी.

"इथे बरं वाटतं रे," ती म्हणाली. "छान ऊब येते."